वायर गार, प्लग मात्र गरम: रोध आणि उष्णतेचं घरातलं गणित

‘शॉर्ट सर्किटमुळे आग लागल्याचा प्राथमिक अंदाज आहे.’ आगीच्या बातमीत हे वाक्य इतक्या नेमाने येतं की विजेने लागलेली आग म्हणजे शॉर्ट सर्किट, असं समीकरणच होऊन बसलंय. दोन वायरी चिकटल्या, ठिणगी उडाली, पेट घेतला, असं चित्र वाचणाऱ्याच्या डोळ्यापुढे येतं. असं होतच नाही, असं मी म्हणत नाही. पण ज्याच्याकडे कुणाचं लक्षच जात नाही असं एक कारण बाथरूमबाहेरच्या बोर्डावर महिनोन्‌महिने शिजत असतं, ते म्हणजे सैल झालेला जोड.

गिझरचं बटण बंद करून प्लग बाहेर काढा आणि पिना नीट बघा. तिन्ही पिना सारख्याच पिवळ्या चकचकीत असतील तर उत्तम. पण एखाद्या पिनेच्या बुडाशी तपकिरी कडं उमटलं असेल, तिथलं प्लास्टिक किंचित फुगलं असेल किंवा पितळेवर निळसर-काळी झाक आली असेल, तर त्या चार-पाच मिलिमीटर जागेत भट्टी पेटलेली होती. त्याच वेळी भिंतीतली वायर मात्र जेमतेम कोमट झाली असेल. करंट दोन्हीतून तोच वाहिला, मग एक गार आणि एक जळकी का? उत्तर ‘रोध’ या एका शब्दात आहे.

## रोध म्हणजे नेमकं काय

तांब्याच्या तारेत मोकळे इलेक्ट्रॉन असतात, आणि तांब्याचे अणू आपापल्या जागी थरथरत उभे असतात. व्होल्टेज, म्हणजे विजेचा दाब, इलेक्ट्रॉनांना पुढे रेटतो. जाता जाता ते अडखळतात आणि मिळालेली ऊर्जा अणूंना देऊन टाकतात. अणूंची थरथर वाढते. ही वाढलेली थरथर म्हणजेच उष्णता. सकाळी नऊला दादरच्या पुलावर माणूस चालण्याने कमी आणि रेटारेटीने जास्त घामाघूम होतो, तसाच हा प्रकार. वाटेत होणारी ही अडवणूक म्हणजे रोध. तो ओहममध्ये मोजतात.

तार जितकी लांब तितका रोध जास्त, जितकी जाड तितका कमी. बाकी सगळं धातूवर अवलंबून. वायरमन ज्याला ‘अडीचची वायर’ म्हणतात, त्या अडीच चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या वायरचा रोध एक किलोमीटरला सुमारे ७.४ ओहम असतो. तेवढ्याच मापाची ॲल्युमिनियमची तार घेतली तर तो साधारण १.६ पट होतो. आणि गिझर, इस्त्री, शेगडी यांच्या कॉइलमध्ये जी नायक्रोमची तार असते (निकेल आणि क्रोमियमचा मिश्रधातू), तिचा रोध त्याच मापाच्या तांब्याच्या सुमारे ६५ पट. शिवाय नायक्रोम लालबुंद झाली तरी गंजून झडत नाही, कारण तिच्यावर क्रोमियम ऑक्साइडचा घट्ट पापुद्रा धरतो. म्हणून कॉइलसाठी तीच वापरतात.

## जूलचा नियम आणि त्यातला ‘वर्ग’

इंग्लंडमधल्या सॅलफर्डच्या, बिअर बनवणाऱ्या घराण्यातल्या जेम्स जूल या विशीतल्या तरुणाने १८४० च्या सुमारास तारेचं वेटोळं पाण्यात बुडवलं, त्यातून वीज सोडली आणि पाणी किती तापतं ते थर्मामीटरने मोजलं. १८४१ मध्ये त्याने छापलेला नियम आज दहावीच्या वर्गात शिकवला जातो: उष्णता = करंट × करंट × रोध × वेळ.

करंट दोनदा का गुणायचा, म्हणजे त्याचा वर्ग का घ्यायचा? करंट दुप्पट केला म्हणजे दर सेकंदाला दुप्पट इलेक्ट्रॉन जाणार. पण त्याच तारेतून दुप्पट इलेक्ट्रॉन ढकलायला व्होल्टेजही दुप्पट लागतं, म्हणजे प्रत्येक इलेक्ट्रॉन वाटेत दुप्पट ऊर्जा टाकणार. दुप्पट गुणिले दुप्पट, चौपट.

या वर्गाचा फटका कुठे बसतो, ते एक्स्टेन्शन बोर्डावर बघा. स्वस्त बोर्डाची वायर पुष्कळदा पाऊण चौरस मिलिमीटरची असते. पाच मीटर लांबीच्या अशा वायरचा जाऊन-येऊन रोध सुमारे पाव ओहम. त्यावर हजार वॉटची इस्त्री लावली तर करंट ४.३५ अँपिअर, आणि वायरमध्ये तयार होणारी उष्णता सुमारे ५ वॉट. ती पाच मीटरभर पसरते, हाताला कळतही नाही. आता त्याच बोर्डावर ३००० वॉटचा गिझर लावा. करंट १३ अँपिअर, म्हणजे तिप्पट. उष्णता तिप्पट होत नाही, नऊपट होते: सुमारे ४४ वॉट. वायर गुंडाळून कपाटामागे टाकलेली असेल तर ही उष्णता बाहेर पडायलाही जागा नाही. साध्या पीव्हीसी वेष्टनाची सहनशक्ती ७० अंश सेल्सिअसपर्यंत धरतात. वेटोळ्याच्या पोटात ती ओलांडायला फार वेळ लागत नाही.

## रोध वाढला तर करंट कमी होतो, मग उष्णता वाढते की घटते?

हा प्रश्न दहावीच्या मुलांना छळतो आणि मोठ्यांनाही. इस्त्रीचा रोध सुमारे ५३ ओहम, ३००० वॉटच्या गिझरचा १७.६ ओहम. रोध कमी, उष्णता जास्त! आणि इकडे तर आपण म्हणतोय की जिथे रोध जास्त तिथे उष्णता जास्त. दोन्ही खरं आहे. फक्त तो रोध एकटा आहे की रांगेत आहे, ते बघायला हवं.

इस्त्री किंवा गिझर म्हणजे २३० व्होल्टवर थेट जोडलेला एकटा रोध. व्होल्टेज ठरलेलं आहे, रोध कमी केला की करंट वाढतो, आणि करंटचा वर्ग रोधातली घट सहज भरून काढून वर उरतो. म्हणून इथे कमी रोधाला जास्त उष्णता.

वायर, पिन, सॉकेटची पाती, स्क्रूचा जोड आणि गिझरची कॉइल हे मात्र एकामागे एक रांगेत उभे आहेत, ज्याला सीरिज म्हणतात. सगळ्यांतून तोच १३ अँपिअरचा करंट जातो. मग उष्णतेची वाटणी रोधाच्या प्रमाणात होते. रांगेत ज्याचा रोध जास्त, त्याच्या ताटात जास्त. याचा साधा पडताळा म्हणजे ६० आणि १०० वॉटचे जुने पिवळे बल्ब सीरिजमध्ये जोडणं. ६० वॉटचा जास्त उजळतो, कारण त्याच्या तारेचा रोध जास्त आहे.

आता हिशेब मांडू. मेन बोर्डापासून गिझरपर्यंत २० मीटर अडीचची वायर, जाऊन-येऊन ४० मीटर, रोध ०.३ ओहम. १३ अँपिअरला तिच्यात सुमारे ५० वॉट उष्णता. ऐकायला मोठी वाटते, पण २० मीटर पाइपात वाटली तर मीटरमागे अडीच वॉट. भिंत ती सहज पिऊन टाकते. चांगल्या घट्ट जोडाचा रोध एक-दोन हजारांश ओहम, तिथे पाव वॉटच्या आसपास. आणि सैल जोड? त्याचा रोध ०.१ ओहम जरी झाला तरी १७ वॉट, तोही शेंगदाण्याएवढ्या जागेत. २५ वॉटच्या सोल्डरिंग आयर्नने आपण कथील वितळवतो, हे आठवलं की १७ वॉट ‘फक्त’ वाटत नाहीत. जोड आणखी बिघडून अर्ध्या ओहमवर गेला तर ८० वॉट.

हा आकडा असाच वाढत जात नाही. जोडाचा रोध गिझरच्या रोधाइतका, म्हणजे १७.६ ओहम होईपर्यंत तिथली उष्णता वाढते आणि त्या क्षणी जवळजवळ ७५० वॉटवर पोचते. त्यापुढे करंटच इतका घटतो की उष्णताही उतरते. वायर पूर्ण तुटली की करंट शून्य, उष्णता शून्य. म्हणजे जोडाचा शून्य रोधही निर्धोक आणि अनंत रोधही निर्धोक. घात होतो तो मधल्या अवस्थेत, अर्धवट टेकलेल्या धातूत.

## घट्ट दिसणारा जोड आतून कसा असतो

डोळ्यांना पिन सपाट दिसते. भिंगातून बघितली तर ती डोंगरदऱ्यांची आहे. पिन आणि पाती म्हणजे सह्याद्रीची एक रांग सरळ आणि दुसरी तिच्यावर पालथी घातल्यासारखी. टेकतात ती फक्त काही शिखरं. सगळा करंट त्या मोजक्या ठिपक्यांमधून दाटीने जातो. पातीचा दाब चांगला असेल तर शिखरं चेपतात, ठिपके वाढतात, रोध घटतो. पाती फाकली की उलटं.

पुढचं सगळं दुष्टचक्र आहे. जोड तापतो, पितळ आणि तांब्यावर ऑक्साइडचा थर धरतो, तो थर विजेला आणखी अडवतो, जोड आणखी तापतो. तापून-निवून पातीतला स्प्रिंगपणा मरतो. स्क्रूखालची तार रोज फुगते आणि आकसते, स्क्रू हळूहळू सैल होतो. पुढे तांब्याच्या ऑक्साइडचा एक बारीक ठिपका धगधगत राहू शकतो, कारण हा ऑक्साइड गार असताना वीज अडवतो आणि तापला की वाहू देतो. गिझर चालू, पाणी गरम होतंय, आणि सॉकेटच्या आत लाल ठिपका.

‘इतकी वर्षं चाललं, काही झालं नाही’ असं म्हणणाऱ्यांना म्हणूनच सांगावंसं वाटतं: हा बिघाड वर्षांनीच पिकतो.

जुन्या इमारतींतलं ॲल्युमिनियमचं वायरिंग या बाबतीत जास्त नाजूक. ॲल्युमिनियमवर ऑक्साइडचा थर लगेच बसतो आणि तो जवळजवळ वीज वाहूच देत नाही. ते तापल्यावर तांब्यापेक्षा जास्त फुगतं आणि स्क्रूच्या दाबाखाली हळूहळू सरकतंही. तांब्याचा नवा तुकडा ॲल्युमिनियमला नुसता पिळून टेप गुंडाळलेली असेल, तर तो जोड आज ना उद्या तापणारच. तिथे दोन्ही धातूंसाठी बनवलेला कनेक्टरच लागतो.

## एमसीबी आहे ना?

एमसीबी, म्हणजे बोर्डातला आपोआप पडणारा सुरक्षा-स्विच, करंट वाढला की पडतो. सैल जोडाने करंट वाढत नाही, उलट किंचित कमी होतो. १३ अँपिअरचे १२.७ झाले, तर एमसीबीने पडावं कशासाठी? त्याच्या लेखी सगळं आलबेल आहे. आरसीसीबीचं, म्हणजे विजेची गळती झाली की पडणाऱ्या स्विचचंही तेच. तो फेज (वीज आणणारी वायर) आणि न्यूट्रल (परत नेणारी वायर) यांच्यातल्या करंटचा फरक बघतो आणि घरगुती वापरात ३० मिलिअँपिअरच्या गळतीला पडायला हवा. सैल जोडात गळती नाही, जेवढा करंट गेला तेवढाच परत आला.

दोन्ही उपकरणं घरात हवीतच. फक्त हा बिघाड त्यांच्या नजरेच्या पलीकडचा आहे.

एक गोष्ट मात्र फारशी कुणी सांगत नाही. एमसीबीवर १६ लिहिलं म्हणजे तो १६.१ ला पडतो, असं नाही. त्याच्या मानकानुसार १.१३ पट करंटला, म्हणजे सुमारे १८ अँपिअरला, तो तासभर पडता कामा नये, आणि १.४५ पटीला, म्हणजे सुमारे २३ अँपिअरला, तासाभरात पडला पाहिजे. त्यामुळे १६ च्या एमसीबीखाली एक चौरस मिलिमीटरची वायर ओढली असेल तर एमसीबी ढिम्म राहील आणि वायर शिजेल. एमसीबी वायरच्या मापावर ठरवतात, उपकरणाच्या भुकेवर नाही. ‘सारखा पडतो’ म्हणून १६ काढून ३२ चा बसवणं म्हणजे ताप आला म्हणून थर्मामीटर फोडणं. जुन्या किटकॅट फ्यूजमध्ये जाड तार घालणं हा त्याचाच थोरला भाऊ.

आणि थोडाफार जास्तीचा करंट ओळखणारी एमसीबीच्या आतली पट्टीसुद्धा जूलच्या नियमावरच चालते. दोन धातूंची पट्टी करंटने तापते, वाकते आणि खटका सोडते.

## मग शॉर्ट सर्किटमध्ये काय होतं?

फेज आणि न्यूट्रल थेट भिडले की रांगेतला गिझर बाजूला पडतो, उरतो फक्त वायरींचा रोध. तो एकूण अर्धा ओहम धरला तर करंट ४६० अँपिअर. अडीचच्या वायरच्या एका मीटरमध्ये सुमारे १५७० वॉट उष्णता. त्या एक मीटर तांब्याचं वजन साधारण २२ ग्रॅम. ते सेकंदाला १८० अंशांनी तापेल, आणि तांबं वितळतं १०८५ अंशांना. म्हणजे पाच-सहा सेकंदांत खेळ खलास, आणि वेष्टन त्याआधीच पेटलेलं.

पण नियमातला शेवटचा गुणक वेळ आहे. धडधाकट एमसीबी इतक्या करंटला सेकंदाच्या शंभराव्या भागाच्या आसपास पडतो. तेवढ्या वेळात तांबं तापतं किती? जेमतेम दोन अंश. भिडलेल्या जागी ठिणगी उडते, जवळ पेट घेणारं काही असेल तर तिथे धोका असतो, पण वायर सुखरूप राहते. शॉर्ट सर्किटचा आवाज मोठा, झगमगाट मोठा, आणि त्याला थांबवणारा पहारेकरी बोर्डात बसलेला. सैल जोडाला आवाज नाही आणि पहारेकरीही नाही. शिवाय त्याच्या उष्णतेने वेष्टन वितळलं की दोन वायरी भिडतात आणि शेवटी शॉर्ट सर्किट होतंच. राखेत सापडतो तो हा शेवट.

## ‘वायर चांगल्या कंपनीची आहे’

असू दे. एफआर (फ्लेम रिटार्डंट) लिहिलेल्या वायरचं वेष्टन ज्योत पुढे पसरू देत नाही, हा मोठाच फायदा. पण जोड कसा केलाय, हे कंपनीच्या हातात नसतं. अडीचच्या वायरमध्ये ०.३ मिलिमीटरच्या ३६ बारीक तारा असतात. सॉकेटच्या भोकात जात नाहीत म्हणून आठ-दहा तारा कापायची वाईट सवय काहींना असते. गंमत म्हणजे त्या एक सेंटिमीटरमध्ये वायर बारीक झाल्याने उष्णता नगण्यच वाढते. खरं नुकसान वेगळं आहे: कापलेल्या, विस्कटलेल्या तारांवर स्क्रू नीट बसत नाही, पाच-सहा ताराच चिमटीत येतात, आणि सगळा करंट त्यांच्या टोकावरून जातो.

## घरी काय बघायचं, वायरमनकडून काय करून घ्यायचं

गिझर, एसी, इंडक्शन शेगडी, वॉशिंग मशीन, पाण्याचा हीटर-रॉड, एवढ्यांचेच प्लग तपासले तरी बहुतेक काम झालं. उपकरण दहा-पंधरा मिनिटं पूर्ण ताकदीने चालवा, बटण बंद करा, प्लग काढून लगेच पिनांच्या जवळ हात न्या. कोमट असेल तर ठीक. हात ठेववत नसेल तर ते सॉकेट आजपासून बंद. जळक्या प्लास्टिकचा किंवा विनाकारण मासळीसारखा वास, बटण दाबताना चर्र आवाज, प्लग हलवल्यावर उपकरण बंद-चालू होणं, ही त्याचीच भावंडं.

बदलताना प्लग टॉप आणि सॉकेट दोन्ही बदला. जळकी, खरबरीत पिन नव्या सॉकेटच्या पात्या महिन्याभरात बिघडवते, आणि फाकलेलं सॉकेट नव्या पिनेला जाळतं. वायरचा काळा पडलेला भाग कापून चकचकीत तांबं लागेपर्यंत मागे या. तारा एकाही न कापता घट्ट पिळा, दुमडून भोकात घाला किंवा पिन लग (तारांच्या टोकावर बसवायची धातूची टोपी) क्रिंप करून, म्हणजे दाबून घट्ट करून, लावा. टोकाला सोल्डर चढवून स्क्रूखाली दाबू नका. सोल्डर मऊ, दाबाखाली हळूहळू सरकतं आणि वर्षभरात स्क्रू सैल. स्क्रू कसल्यावर वायर ओढून बघा. १६ अँपिअरच्या पिनेसाठी अडीचची वायर कमीत कमी, लांब पल्ला असेल तर चारची. गिझर ६ अँपिअरच्या सॉकेटवर ॲडाप्टर लावून चालवणं सरळ बंद. ही सगळी कामं मेन स्विच पाडून, टेस्टरने खात्री करून, आणि हात बसलेल्या माणसानेच करायची.

## हाच नियम चंद्रपूरहून मुंबईकडे

वीज इतक्या भयंकर व्होल्टेजला का नेतात, याचं उत्तरही त्याच वर्गात आहे. चंद्रपूरहून ठाणे जिल्ह्यातल्या पडघ्यापर्यंत ७५२ किलोमीटरची एकदिश प्रवाहाची (डीसी) लाइन १५०० मेगावॉट वाहू शकते. तिच्या दोन तारांमध्ये १० लाख व्होल्ट असतात, म्हणून करंट फक्त १५०० अँपिअर. व्होल्टेज निम्मं केलं तर तेवढ्याच विजेसाठी करंट दुप्पट, आणि तारेत वाया जाणारी उष्णता चौपट. २३० व्होल्टला न्यायची म्हटली तर ६५ लाख अँपिअर लागतील. तेवढं पेलणारी तार कुणी ओढणार नाही.

## सैल जोड न उघडता शोधायचा असेल तर

चांगला वायरमन मल्टिमीटरने हे दहा मिनिटांत करतो. गिझर चालू ठेवून मेन बोर्डावर आणि मग गिझरच्या सॉकेटवर व्होल्टेज मोजायचं. बोर्डावर २३० आणि सॉकेटवर २२६ असेल तर तो २० मीटर वायरचा रास्त वाटा. पण सॉकेटवर २१५ दिसले तर १५ व्होल्ट वाटेत गेले. करंट १२.२ अँपिअर, वायरच्या वाट्याचे साडेतीन-चार व्होल्ट वजा केले तरी ११ व्होल्टच्या वर उरतात, ज्यांचा हिशेब लागत नाही. ११.४ गुणिले १२.२, म्हणजे सुमारे १४० वॉट कुठल्या तरी जोडात. मग एमसीबीचा स्क्रू, जंक्शन बॉक्समधला जोड, स्विच आणि सॉकेटचं टर्मिनल असं एकेक ठिकाण पाठोपाठ मोजत जायचं. जिथे मीटर एकदम उडी मारेल, तिथेच मेन पाडून बोर्ड उघडायचा.